पंचेचाळीस वॅट

२ सप्टेंबर, मंगळवार

पेंटरकाका आज कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीशी आले आणि काही न मागता उभे राहिले. म्हटलं, काय देऊ? पॉलिश पेपर? तर इकडे-तिकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुझी ती वही आहे ना, कार्डांची?"

मला वाटलं, कुणीतरी चेष्टेला पाठवलंय. वहीची चेष्टा नवी नाही. दोन वर्षं झाली मी ती लिहितोय — कुठल्या लॅपटॉपमध्ये कुठलं ग्राफिक्स कार्ड, त्यावर कुठला गेम किती सुरळीत चालतो, मेमरी किती, किंमत किती. निळ्या पेनाने नावं, लाल पेनाने आकडे. लॅपटॉप मात्र नाही. घरातला जुना कॉम्प्युटर पत्त्यांचा खेळ उघडायलाही दम खातो. वेल्डर म्हणतो, "हा लग्नाआधीच नातवंडांची नावं ठरवतोय."

पण काका चेष्टा करत नव्हते. त्यांच्या मुलीला गेम तयार करायच्या कोर्सला प्रवेश मिळालाय. कॉलेजने कागद दिलाय — चांगल्या ग्राफिक्स कार्डचा गेमिंग लॅपटॉप हवा. चांगलं म्हणजे कोणतं, ते लिहिलेलं नाही. काका म्हणाले, "रंगाचं विचार, डोळे मिटून सांगतो. यातलं मला ओ की ठो कळत नाही. तू म्हणशील तो घेऊ."

तू म्हणशील तो घेऊ. हे वाक्य मला आजवर कुणी ऐकवलेलं नाही. नववीत शाळा सोडली. मास्तर म्हणतात ते एवढ्याचसाठी, की कारखान्यातल्या सगळ्या पाट्या आणि सूचना मी लिहितो आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. निम्मं कौतुक, निम्मी टिंगल. काका म्हणतात तेव्हा टिंगल नसते.

३ सप्टेंबर, बुधवार

नवी वही काढली. रकाने आखले. जुन्या वहीतलं सगळं पुन्हा तपासून उतरवायचं. चूक चालणार नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

चार दिवस जेवणाच्या सुट्टीत हेच. पन्नास नंबरचं कार्ड काकांच्या रकमेत सहज बसतं, पण मेमरी कमी, दुसऱ्या वर्षी रडेल. सत्तर नंबरचं फारच चांगलं, पण तेवढ्यासाठी काकांना हात पसरावे लागतील, आणि ते पसरतील याचीच मला भीती आहे. उरलं साठ नंबरचं. आठ जीबी मेमरी. कोर्सचं काम होईल आणि तिला गेम खेळायचे असले तरी अडणार नाही.

तीन पानं भरून हे एवढंच ठरलं. पण ठरलं ते पक्कं.

आईने शेंगा सोलता सोलता वहीत डोकावून बघितलं. म्हणाली, "एवढा जीव शाळेत लावला असतास तर." तिच्या मनात काही नसतं. सवयीने म्हणते. मी पान उलटलं.

१० सप्टेंबर, बुधवार

काकांनी फोन लावून मुलीशी बोलायला दिलं. तिने विचारलं, "दादा, सत्तरवालं नाही घेतलं तर खूप फरक पडेल का?" मी पाऊण तास बोललो. मेमरी, उष्णता, पडद्याचा वेग, सगळं. ती मध्ये मध्ये लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "आमच्या कॉलेजमध्येसुद्धा एवढं नीट कुणी सांगितलं नाही."

फोन परत देताना माझे कान तापले होते. काका गालातल्या गालात हसत होते. कॉलेजमध्ये जाणारी मुलगी, आणि माझं बोलणं लिहून घेते.

१४ सप्टेंबर, रविवार

लॅपटॉप घेतला. सविस्तर लिहितो.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, पण नखांच्या कडांना राखाडी रंग होताच, तो निघत नाही. विक्रेता आधी त्यांच्याशी बोलला, मग मुलीशी. मी "साठ नंबरचं कार्ड, आठ जीबी" म्हटल्यावर फक्त माझ्याशीच बोलू लागला. "सर, तुम्हाला तर सगळं माहीतच आहे." मला कुणी सर म्हटलं की मी मागे वळून बघतो. आज वळलो नाही.

रकमेत बसणारे दोन होते. एक जाडजूड, करडा, मागे जाळ्या, चार्जर विटेएवढा. दुसरा पातळ, काळा, उघडल्यावर अक्षरांखाली पांढरा उजेड. पातळ थोडा महाग. कार्ड दोन्हींत साठ नंबरचंच.

स्टोअरमध्ये माझा एक नियम आहे — नंबर तोच, तर वस्तू तीच. बोल्टचा नंबर जुळला की डबा कुठल्याही कंपनीचा असो, मी डोळे झाकून देतो. सहा वर्षांत एकही बोल्ट परत आलेला नाही. मी काकांना तेच सांगितलं. "कार्ड एकच आहे. मग वजन कशाला वाहायचं? हिला रोज न्यायचाय."

काका म्हणाले, "जाड तो दणकट वाटतो मला." मी हसलो. त्यांना हसलो.

खरं सांगायचं तर तो पातळ मला हवा होता. माझ्यासाठी. दोन वर्षं मी वहीत जो लॅपटॉप घेत होतो, तो तसाच दिसायचा.

मुलगी दोन्हींपुढची माहितीची पट्टी वाचत होती. म्हणाली, "दादा, इथे कार्डापुढे पंचेचाळीस वॅट लिहिलंय. त्या जाडवर एकशे पंधरा. असं का?"

माझ्या वहीत वॅटचा रकाना नाही. मी तो कधी आखलाच नाही. विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. काका माझ्याकडे बघत होते, मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "ते चार्जरचं असतं. त्याकडे नाही बघायचं."

कसं आलं तोंडात! अडखळलोसुद्धा नाही.

ती "बरं" म्हणाली. पातळ घेतला. विक्रेत्याने पावतीवर शिक्का मारला — पसंत नसल्यास सात दिवसांत बदलून मिळेल, म्हणजे २१ तारखेला रात्री आठपर्यंत. काकांनी पावती घडी करून वरच्या खिशात ठेवली. बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कोपऱ्यापर्यंत काढला नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

काकांनी बिस्किटांचे दोन पुडे आणून सगळ्यांना वाटले. प्रत्येकाला सांगत होते, "मास्तरने निवडून दिला." वेल्डर म्हणाला, "म्हणजे वहीला बाळ झालं म्हणायचं." सगळे हसले. मीही.

संध्याकाळी उगीच वाटलं, ते वॅटचं एकदा बघून ठेवावं. बघितलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बघितलं.

चार्जरचं नसतं ते. कार्डाचंच असतं. कार्ड एकच असलं, तरी त्याला किती वीज द्यायची ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. पातळ लॅपटॉपला उष्णता सोसत नाही, म्हणून त्यातल्या कार्डाला पंचेचाळीस वॅटच देतात. जाडमध्ये जाळ्या आहेत, मोठे पंखे आहेत, म्हणून एकशे पंधरा. नाव साठ नंबरचं, काम पन्नासपेक्षाही कमी. चार ठिकाणी वाचलं. चारही ठिकाणी तेच, आणि तिसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, "नवखे लोक इथेच फसतात."

जास्त पैसे देऊन कमी ताकद घेतली. मी घेऊन दिली. तिने बोट ठेवून विचारलं होतं, तरी.

नववीतही असंच झालं. गणिताच्या बाई प्रत्येक वेळी विचारायच्या, "समजलं का?" मी म्हणायचो, समजलं. वर्गात फक्त दोघंतिघं नाही समजलं म्हणायचे आणि सगळे त्यांच्याकडे बघायचे. ती मुलं पास झाली.

बदलून मिळेल. अजून पाच दिवस आहेत. उद्या सांगायचं.

१७ सप्टेंबर, बुधवार

वाक्य तयार केलं होतं. काकांना कळेल असं — काका, रंगाची गन तीच, पण कंप्रेसरची हवा निम्मी. तसं झालंय.

अकरा वाजता रंगाच्या खोलीकडे गेलो. काका पॅनेलच्या दारावर गनने रंगाचा हात मारत होते. एका रेषेत, पट्ट्यावर पट्टा, कुठे ओघळ नाही. मी आलेला बघून मास्क वर केला. "काय रे मास्तर?"

मी म्हटलं, "नोझल किती शिल्लक आहेत?"

म्हणाले, "ते तूच सांगायचं ना मला."

परत आलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आजही नाही. तीन दिवस.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी झाल्यावर काकांनीच गाठलं. "चल, चहा घेऊन जा. पोरीचं काम तरी बघ." नाही म्हणायला कारण सुचलं नाही. वाटेत म्हटलं, बरं झालं, घरीच सांगू. दोघांना एकदम.

दुसरा मजला, दोन खोल्या. टेबलावर लॅपटॉप. त्याच्या खाली दोन वाट्या उपड्या ठेवलेल्या, हवा जावी म्हणून, आणि शेजारी टेबलफॅन थेट त्याच्यावर रोखलेला. माणसं घामाघूम. मुलीने एक खोली तयार केली होती, पडद्यावर — खिडकीतून येणारं ऊन, फरशीवर सावली, कोपऱ्यात खुर्ची. सुरेख होतं. ऊन खरं वाटत होतं. पण ते पूर्ण होत नव्हतं. खाली पट्टी सरकत होती, मुंगीच्या पावलाने.

मुलगी म्हणाली, "वर्गातल्या एकीचं हेच चित्र चाळीस मिनिटांत झालं. तिचंही साठ नंबरचंच कार्ड आहे. माझं सव्वा तास चालतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "असं का होत असेल, दादा?"

आता. आता सांगायचं होतं.

मी म्हणालो, "कार्डाचा ड्रायव्हर जुना असेल. नवा टाकून बघ."

काका चहाचा कप हातात धरून पट्टीकडे बघत होते. म्हणाले, "रविवारपर्यंत बदलून देतात म्हणे ते."

मी म्हणालो, "नाही हो, तशी वेळ नाही येणार."

काकू आतून म्हणाल्या, "अगं, त्यांना बिस्किटं दे ना." मी दोन बिस्किटं खाल्ली. खाल्ली! घशाखाली उतरत होती.

२० सप्टेंबर, शनिवार

स्टोअरची मोजणी होती. वॉशरच्या डब्यात दोन कमी भरले. धावत साहेबांकडे गेलो, माझी नोंद चुकली म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, "दोन वॉशरसाठी एवढा घाम? जा, पाणी पी."

दोन वॉशरचं सांगता येतं.

आई म्हणाली, "पोटात दुखतंय का? दोन दिवस ताटात चिवडत बसतोस." मी म्हटलं, नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मी लहान असल्यासारखा. हात तसाच राहिला असता तर मी तिला सांगितलं असतं. पण कुकरची शिट्टी झाली.

२१ सप्टेंबर, रविवार

आजचं नीट लिहायला हवं. काही सोडायचं नाही.

दुपारी चारला दुकानात गेलो, एकटा. जाड लॅपटॉप अजून होता, एकच. विक्रेत्याने ओळखलं. मी विचारलं, बदलायचा झाला तर? म्हणाला, "आणा ना सर. खोकं आणि पावती. वरचे पैसेसुद्धा परत मिळतील. पाच मिनिटांचं काम." मी त्याला विचारलं, वॅटचा फरक तुम्हाला माहीत होता का? म्हणाला, "हो सर. पण तुम्ही इतकं ठामपणे सांगितलंत, मी म्हटलं, तुम्हाला पातळच हवा असेल." गिऱ्हाइकांशी बोलत होता तरी कान इकडे होता म्हणजे.

तिथून काकांच्या घराकडे चालत गेलो. सहाला दहा मिनिटं कमी. खाली स्कूटर लावतात तिथे उभा राहिलो. दहा मिनिटं वाक्य जुळवलं. गन तीच, हवा निम्मी. चला, अजून वेळ आहे, तिघं मिळून जाऊ. एवढंच म्हणायचं. बत्तीस पायऱ्या आहेत, परवा मोजल्या होत्या.

चढलो नाही.

भीती काकांच्या रागाची नव्हती. ते रागावणार नाहीत, हे मला माहीत आहे. ते म्हणतील, "असू दे रे," आणि मग पुढच्या वेळी काही विचारायचं झालं तर दुसऱ्या कुणाला तरी विचारतील. आणि ती मुलगी. तिच्या वहीत माझं पाऊण तास बोलणं लिहिलेलं आहे. ती त्यावर काट मारेल. मारायलाच हवी.

एक बाई बादली घेऊन आल्या, म्हणाल्या, "कुणाकडे आलात?" मी म्हटलं, कुणाकडे नाही. पावणेसातला निघालो.

घरी येऊन घड्याळासमोर बसलो. आठ वाजले.

सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. काही सोडायचं नाही असं वर लिहिलंय. सुटल्यासारखं वाटलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं.

रात्रभर नव्हे, पहाटेपासून ठरवत होतो. आता सांगून उपयोग नाही हे कळत होतं, आणि म्हणूनच सांगता येईल हेही कळत होतं. रंगाच्या खोलीत गेलो. कंप्रेसर बंद होईपर्यंत थांबलो. सगळं एका दमात म्हणालो — वॅट, जाळ्या, उष्णता, त्या दिवशी मी काय उत्तर दिलं, ते खोटं कसं होतं.

काकांनी मास्क गळ्यात ओढला. म्हणाले, "म्हणजे गन तीच, हवा कमी."

मी तयार केलेलं वाक्य त्यांना आपणहून सुचलं. दोन सेकंदात. आणि मी समजत होतो, त्यांना समजावून सांगावं लागेल.

म्हटलं, "हो."

"कधी कळलं तुला?"

"काल रात्री. वाचत होतो सहज."

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"घरीच होतो."

काका म्हणाले, "बरं." मास्क लावला आणि पुढचं दार टांगायला घेतलं.

कबुली द्यायला गेलो आणि त्यात आणखी दोन थापा मिसळून आलो. याला कबुली म्हणत नाहीत. पण याला काय म्हणतात, ते मला माहीत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पॉलिश पेपर न्यायला काका आले नाहीत. वेल्डरला पाठवलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

नव्या वहीत वॅटचा रकाना आखला. जुन्या सगळ्या नोंदी पुन्हा काढल्या. चौदा लॅपटॉपपैकी पाच मी क्रमवारीत चुकून वर लावले होते. दोन वर्षं. माझ्या स्वतःसाठी मी जो घेणार होतो, तो त्या पाचांतला.

आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "माणसाला न सांगता कागदाला सांगत बसतोस, तिथेच घोळ होतो तुझा." मग म्हणाली, "त्या मुलीचं काम अडलंय का?" मी म्हटलं, अडलं नाही, पण दुप्पट वेळ लागतो. तीन वर्षं लागत राहील. 

२५ सप्टेंबर, गुरुवार

काकांचा डबा घरी राहिला होता, तो घेऊन मुलगी फाटकाशी आली. काका रंगाच्या खोलीत होते, म्हणून मीच घ्यायला गेलो. वाटलं, डबा देऊन जाईल. पण थांबली.

म्हणाली, "दादा, वॅटचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. कॉलेजमध्ये विचारलं मी. खोकं आणि पावती आठवडाभर दाराशीच होती. बाबा म्हणाले, त्याला सोडून दुकानात जायचं नाही, त्याच्या मनाला लागेल. तो आपणहून सांगेल, मग तिघं जाऊ."

मी डब्याची कडी बघत होतो.

"रविवारी तुम्ही खाली उभे होतात, तेव्हा बाबा गॅलरीत होते. आत येऊन मला म्हणाले — चप्पल घाल, मास्तर आला."